माहेर (नाश्ता व वहिनीसह)

माणूस जिथे राहतो तिथे त्याला राहवत नाही, आणि जिथे राहावंसं वाटतं तिथे दुसरं कुणीतरी आधीच राहत असतं. पर्यटनाचा सगळा व्यवसाय या एका अडचणीवर उभा आहे. शहरातल्या माणसाला दर आठवड्याला झाड, दर महिन्याला डोंगर आणि वर्षातून दोनदा निदान एक गाय दिसावी लागते. नाही दिसली तर तो लिफ्टमध्ये अनोळखी लोकांवर खेकसायला लागतो. ही गाय पुरवण्याची जबाबदारी गेली काही वर्षं बदलापूरने आपल्या शिरावर घेतली आहे.

स्टेशनपासून पूर्वेला, रिक्षाने पंचवीस मिनिटांवर, धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला भूपेशचं घर आहे. (माहितीपत्रकात ते 'नियोजित चिखलोली स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर' आहे. स्टेशन व्हायचं आहे, त्यामुळे हाक कुठून मारायची हा प्रश्न सध्या उद्भवत नाही.) त्या रस्त्याला तीन किलोमीटरमध्ये अकरा फार्महाउस आहेत, अकराही ठिकाणी निळा पोहण्याचा तलाव आहे आणि अकराही तलावांत शनिवारी एकाच आवाजातली गाणी पोहत असतात. भूपेशच्या लक्षात आलं की बारावा तलाव खणून उपयोग नाही. शहरात नसलेली एखादी वस्तू विकायला हवी. त्याने महिनाभर विचार केला आणि ती वस्तू त्याला सापडली: माहेर.

शहरातल्या बाईला माहेर नसतं असं नाही. असतं, पण ते डोंबिवलीला वन बीएचके असतं, तिथे भाऊ घरून काम करत असतो, आणि पोचल्यावर पर्स ठेवायच्या आधी तिच्या हातात कुकर येतो. तिला हवं असतं ते जुनं, अंगणाचं, आयतं माहेर. भूपेशने ते 'माहेरपण' या नावाने सुरू केलं. तीन दिवस, दोन रात्री, खोल्या तीन.

माहेर उभं करायला थोडी मोडतोड करावी लागली. ठमाबाईंनी, म्हणजे भूपेशच्या आईने, बावीस वर्षं मागे लागून घरात टाइल्स बसवून घेतल्या होत्या. त्या उखडून जमीन शेणाने सारवण्यात आली. पाच पिढ्यांचा वडिलोपार्जित झोपाळा उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून आणला. (पिढ्या तीन सांगायच्या ठरल्या होत्या, पण दुकानदाराने भाव करताना दोन वाढवून दिल्या.) मग भूपेशने घरच्या माणसांना कामं वाटून दिली आणि ती टाइप करून स्वयंपाकघराच्या दारामागे लावली.

आई: ठमाबाई. फाटकात उभं राहून भाकरतुकडा ओवाळून टाकणे. डोक्याला तेल लावणे. पाहुणी 'राहू दे गं आई, मी करते' म्हणाली की 'तू बस' म्हणणे, कमीत कमी तीनदा.

वडील: भगवंतराव. पेपर वाचणे. दिवसातून एकदा पेपर खाली करून 'जावईबापू बरे आहेत ना?' विचारणे व उत्तराची वाट न पाहता पेपर वर करणे. (हे काम त्यांना शिकवावं लागलं नाही.)

शेजारीण: रखमा. कुंपणापाशी येऊन 'किती वाळलीस गो' म्हणणे. पाहुणीकडे बघून म्हणण्याची आवश्यकता नाही.

भाची: जिज्ञासा, वय चौदा महिने. मनःस्थितीनुसार उपलब्ध.

वहिनी: उन्नती. इतर सर्व.

या उन्नतीचीच ही गोष्ट आहे. लग्नाला साडेतीन वर्षं, पदरी जिज्ञासा, आणि हुद्दा वहिनीचा. पहिल्या हंगामात ती नुसतीच गोड होती. गरम भाकरी वाढायची, हसायची, 'ताई, अजून घ्या' म्हणायची. अभिप्राय आले की वहिनी छान आहेत, पण खऱ्या वाटत नाहीत. भूपेशने त्यावर विचार करून सुधारणा केली: वहिनीने दिवसातून एकदा, शक्यतो दुपारच्या जेवणानंतर, आत एक भांडं आपटावं. स्टीलचं; पितळेला पोचा येतो. त्या महिन्यापासून अभिप्राय एकदम चढले. एका बाईंनी लिहिलं की तो आवाज ऐकला आणि आपण खरोखर माहेरी आलोय याची खात्री पटली. तेव्हापासून उन्नती रोज पावणेदोन वाजता एक पातेलं आपटते. तिला जे वाटतं आणि तिला जे करायला सांगितलंय, या दोन्ही गोष्टी दिवसातून तेवढ्या एकदाच एका जागी येतात.

पाहुण्यांबद्दल तक्रार करायला जागा नाही. उल्हासनगरहून आलेल्या एका सिंधी बाईंनी आपल्या आईच्या हातची साई भाजी मागितली, तर ठमाबाईंनी फोनवर बघून ती केली. बाई ताटावर बसून रडल्या आणि जाताना ठमाबाईंना मिठी मारून 'अम्मा' म्हणाल्या. रडणं हा माहेरपणाचा गाभाच आहे. गेल्या हंगामातल्या एकशे अठरा माहेरवाशिणींपैकी चौऱ्याऐंशी फाटकात रडल्या, एकोणतीस रिक्षात बसल्यावर रडल्या, चौघींनी घरी पोचून रडल्याचं मेसेजने कळवलं आणि एकीची नोंद करायची राहिली.

उन्नतीचं स्वतःचं माहेर मांजर्लीला, म्हणजे याच बदलापूरच्या पश्चिमेला, नदीच्या अंगाला आहे. स्कूटरने पस्तीस मिनिटं. बाळंतपण आटोपून तीन महिन्यांच्या जिज्ञासाला घेऊन ती सासरी आली, त्याला अकरा महिने झाले. या अकरा महिन्यांत ती मांजर्लीला दोनदा गेली: एकदा लसीच्या वाटेवर पाऊण तास, एकदा चुलतभावाच्या साखरपुड्याला, जेवणाची पहिली पंगत उठेपर्यंत. तिला चार दिवस हवे होते. चार दिवस आईच्या घरात आडवं पडायचं, मूल आईच्या अंगावर टाकायचं आणि कुणी उठवेपर्यंत झोपायचं. आणि कुणी उठवायचं नाही. एवढीच तिची मागणी होती. तिने ती रीतसर मांडली, कारण घरात रजेची वही होती.

रजेच्या वहीचे नियम स्पष्ट आहेत. कामाला येणाऱ्यांना आठवड्याची एक सुट्टी आहे. रखमा ती घेते. उन्नतीला ती लागू नाही, कारण ती कामाला येत नाही, ती घरची आहे. आणि घरच्या माणसाला कसली सुट्टी. मग घरची म्हणून नुसतं सांगून जावं, तर तेही बसत नाही, कारण पॅकेजमध्ये वहिनी छापलेली आहे आणि छापलेली वहिनी न देणं ही गिऱ्हाइकाची फसवणूक ठरते. अशा रीतीने उन्नती रजेच्या बाबतीत घरची होती आणि कामाच्या बाबतीत कामाची.

तरी तिने तारखा सुचवून पाहिल्या. मे महिना: अशक्य, सगळ्या बायका मे महिन्यात माहेरी जातात, म्हणजे इकडेच येतात. नागपंचमी, गौरी: हाउसफुल्ल. दिवाळी: भाऊबीजेचं वेगळं पॅकेज, त्यात भूपेश स्वतः भाऊ असतो. संक्रांत: हळदीकुंकवासह. ज्या ज्या दिवशी बाईने माहेरी जावं असं शास्त्र, रूढी आणि शाळेचं वेळापत्रक सांगतं, नेमक्या त्या त्या दिवशी तिला इतरांचं माहेर सांभाळायचं होतं.

"सीझन आहे यार उन्नती," भूपेश म्हणायचा. "जरा समजून घे ना. ऑफ-सीझनला जा की."

ऑफ-सीझन कधी असतो, असं तिने विचारलं. भूपेशने खरोखर फोन काढून बघितलं आणि सांगितलं की आपला धंदा चांगला चाललाय, त्यामुळे सध्या तरी नाही.

भूपेश वाईट माणूस नाही, हे इथेच सांगायला हवं. तो जिज्ञासाला पायावर घेऊन झोपवतो, उन्नतीचं डोकं दुखलं तर गोळी आणून देतो आणि गोळी लागू पडेपर्यंत समोर उभा राहतो. (समोर यासाठी, की पाच जणांचा चहा ठेवायचा असतो.)

सातव्यांदा 'बघू' ऐकल्यावर उन्नतीने आईला फोन केला. या खेपेलाही जमत नाही, असं तिने सांगितलं. आवाज नीट ठेवला होता. मग तिच्या आईने, गुलाबताईंनी, एवढंच विचारलं की तुमच्या त्या फॉर्मवर बाईचं नाव माहेरचं लिहायचं की सासरचं.

"माहेरचं," उन्नती म्हणाली. "का गं?"

"काय नाय. अशीच विचारली," म्हणून गुलाबताईंनी फोन ठेवला.

फॉर्मवर माहेरचं नाव घेण्याची कल्पना भूपेशचीच. माहेरी बाई पुन्हा मुलगी होते, तर तिला मुलीच्या नावाने हाक मारावी, असा त्यामागचा विचार. पाहुण्यांना तो फार आवडतो. त्या विचाराची दुसरी बाजू त्याच्या ध्यानात आली नव्हती. आपल्या सासूचं माहेरचं नाव कोणत्या जावयाला ठाऊक असतं? भूपेशच्या फोनमध्ये त्या 'उन्नती मम्मी' म्हणून होत्या आणि समोर आल्या की 'आई'. एवढ्यावर साडेतीन वर्षं व्यवस्थित गेली होती. त्यामुळे गुलाबताईंच्या शेजारच्या प्रीतीच्या नंबरवरून, पूर्ण पैसे भरून आलेली नोंदणी त्याने अंगठ्याने मंजूर केली आणि गुरुवारी यादी दारामागे लावली.

खोली क्रमांक दोन. गुलाब चांगो भगत. वय चौपन्न. एकटी. मऊ भात.

उन्नतीने यादी वाचली. पुन्हा वाचली. मग जिज्ञासाला कडेवर घेऊन तिने खोली क्रमांक दोनमधली चादर बदलली, जी सकाळीच बदललेली होती. त्या दिवशी पावणेदोन वाजून गेले तरी पातेलं वाजलं नाही, आणि एका पाहुणीने सौम्य शब्दांत तक्रार नोंदवली.

शनिवारी दहा वाजता रिक्षा फाटकात थांबली. ठमाबाई तांब्या आणि भाकरतुकडा घेऊन तयारच होत्या. 'ये गो बाय, लय दिसांनी आलीस' हे वाक्य त्यांच्या तोंडून अर्धं बाहेर पडलं आणि रिक्षातून त्यांची विहीण उतरली. हातात एक पिशवी, अंगावर लग्नाकार्यातली हिरवी साडी.

भूपेश पुढे धावला. आई, तुम्ही कशा काय, फोन करायचा ना, मी आलो असतो घ्यायला, असं बरंच काही तो एका दमात बोलला. गुलाबताईंनी पिशवीतून कागद काढून त्याच्यापुढे धरला.

"रूम नंबर दोन," त्या म्हणाल्या. "मी म्हायेरा आलेय."

भूपेश हसला. मग त्याने कागद वाचला आणि हसू परत घेतलं. आई, पैसे कसले भरता, तुम्ही घरच्याच, मी आत्ता परत पाठवतो, पाहुण्या म्हणून राहा की, असं तो म्हणू लागला.

"पावनी म्हणून आले तर काय व्हतं, माहीत हाय ना तुम्हाला, जावई?" गुलाबताई म्हणाल्या. "चा घ्यायचा, फरसाण खायचा, पोरीला दोन मिन्टं बघायची नि तासाभरात चपला घालायच्या. पोरीच्या घरी राहत नाय कोणी. गिऱ्हाईक म्हणून तीन दिवस राहता येतं. मी वाचलाय सगळा."

त्यांनी खरोखर सगळं वाचलं होतं. अट क्रमांक चार: नोंदणी झालेल्या माहेरवाशिणीस कोणत्याही कारणास्तव परत पाठवले जाणार नाही. ही अट भूपेशला फार अभिमानाची होती. माहितीपत्रकात ती लाल अक्षरांत आहे.

ठमाबाई अजून तांब्या धरून उभ्या होत्या. विहिणीवरून भाकरतुकडा ओवाळायचा की नाही, याबद्दल रूढी काही सांगत नाही. त्यांनी एकदा मुलाकडे बघितलं, एकदा विहिणीच्या पायांकडे, आणि ओवाळला. नुसता टाकायचा म्हणून नाही, दोनदा ओवाळला.

फॉर्मच्या मागच्या बाजूला एक रकाना असतो: माहेरी काय करायला आवडेल? त्यात झोपाळा, अंगणात चांदणं बघणे, गाईला चारा घालणे (गाय भाड्याची, सकाळी आठ ते अकरा) आणि वहिनीशी गप्पा, दुपारी दोन ते चार, असे पर्याय आहेत. गुलाबताईंनी दोन्ही दुपारी फक्त शेवटचा पर्याय घेतला होता. त्याखाली 'विशेष सूचना' या जागेत प्रीतीच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: वहिनीने सोबत तिचं मूल आणावं. गप्पा मारताना वहिनीला झोप लागल्यास उठवू नये.

विशेष सूचना पाळण्याचा दर 'माहेरपण'मध्ये शंभर टक्के आहे. एका बाईंसाठी भूपेशने पहाटे कोंबडा आरवण्याची सोय केली होती, दुसऱ्या बाईंसाठी तो बंद करण्याची. तेव्हा दुपारी दोन वाजता दोन नंबरच्या खोलीचं दार लागलं. पाच मिनिटं आतून जिज्ञासाच्या पैंजणांचा आवाज येत होता, मग गुलाबताईंचं काहीतरी पुटपुटणं, मग तेही नाही. चारला भूपेश दाराशी गेला. बाहेरच्या दोघी पाहुण्या चहाला थांबल्या होत्या. त्याने हळूच दार ढकललं. वहिनी गप्पा मारता मारता तोंड उघडं टाकून झोपली होती, भाची आजीच्या पोटावर होती, आणि आजी एका हाताने मुलीला वारा घालत जावयाकडे बघत होती. खोलीत पंखा सुरू होता. वारा घालायचं तसं काही कारण नव्हतं.

गुलाबताईंनी बोट ओठांवर ठेवलं. भूपेशने दार लावलं आणि आयुष्यात पहिल्यांदा पाच जणांचा चहा केला. (अभिप्राय: चहा पातळ. भाऊ प्रेमळ.)

दुसऱ्या दिवशी सकाळी करारानुसार रखमा कुंपणापाशी आली. गुलाबताईंकडे न बघता तिने 'किती वाळलीस गो' म्हटलं. तेवढ्यात पाण्याची कळशी घेऊन उन्नती समोरून गेली. रखमा तिच्याकडे बघत राहिली आणि पुन्हा म्हणाली, अगदी हळू, "किती वाळलीस गो, पोरी." हे करारात नव्हतं. त्याचे वेगळे पैसेही तिने मागितले नाहीत.

अंगणात ठमाबाई विहिणीच्या डोक्याला तेल लावत होत्या. ठरलेली वीस मिनिटं होऊन गेली होती. मग गुलाबताईंनी डोळे मिटल्या मिटल्या विचारलं, "विहीणबाई, तुमी कवा गेलेलात म्हायेरा?"

"माझा म्हायेर धरणात हाय," ठमाबाई म्हणाल्या. "लग्न झाला नि चौथ्या वर्षी पाणी आला. उन्हाळ्यात पाणी उतरला ना, की आमच्या देवळाचा चौथरा दिसतो. या वर्षी नाय दिसला."

तेल लावायचे हात थांबले नाहीत. उन्नती ओट्यावर तांदूळ निवडत होती. साडेतीन वर्षांत हे तिने पहिल्यांदा ऐकलं, आणि भूपेशनेही, कारण तो पलीकडे गाईचा हिशोब मिटवत होता. नंतर त्याने उन्नतीला बाजूला घेऊन सांगितलं की हे फारच इमोशनल आहे, हे माहितीपत्रकात यायला पाहिजे. उन्नतीने त्याच्याकडे बघितलं. त्या दिवशी पातेलं तीनदा वाजलं, त्यातलं एकदा पितळेचं.

सोमवारी अकरा वाजता निरोप. ठमाबाईंनी ओटी भरली. रीतीप्रमाणे माहेरवाशिणीने रडायचं होतं, पण गुलाबताई रडल्या नाहीत. त्या उन्नतीला लोहाच्या गोळ्या जेवणानंतर घ्यायच्या की आधी, हे सांगत राहिल्या, रिक्षा वळेपर्यंत सांगत राहिल्या. रडल्या ठमाबाई. आकडेवारीत यजमानांसाठी रकाना नसल्यामुळे त्याची नोंद झाली नाही.

संध्याकाळी अभिप्राय आला. पाचपैकी तीन तारे. 'आई फार चांगल्या. वडील पेपर वाचतात. जेवण गरम. भाची गोड. फक्त वहिनीला तिच्या माहेरी पाठवत नाहीत. माहेर विकणाऱ्यांच्या घरात हे बरं दिसत नाही. गुलाब चांगो भगत.'

रात्रीपर्यंत तो एकवीस जणींनी उपयुक्त ठरवला. मंगळवारी दोन नोंदण्या रद्द झाल्या. एकीने कारण लिहिलं होतं, 'वहिनीचा विचार करून'. भूपेशने सासूला फोन केला. आई, तीनच्या जागी पाच करता येतील का, असं त्याने फार आदबीने विचारलं. गुलाबताई म्हणाल्या की ते प्रीतीला विचारावं लागेल, आणि प्रीती उन्नतीला विचारेल.

अकरा महिन्यांत जे रूढीला, प्रेमाला आणि पातेल्याला जमलं नाही ते दोन ताऱ्यांनी केलं. उन्नतीची रजा मंजूर झाली. वहीत सहीशिक्क्यासह नोंद आहे: येत्या महिन्याचा दुसरा आठवडा, सोमवार ते गुरुवार. आदल्या दिवशी सण नाही, नंतर सुट्टी नाही, शाळा सुरू, मधेच महिन्याअखेरची कामं नाहीत. कुणीही बाई माहेरी जाईल असे हे दिवसच नाहीत, आणि म्हणून भूपेशने ते निवडले. अट एकच घातली आहे. खोल्या रिकाम्या राहिल्या तर. एखादी नोंदणी आलीच तर अट क्रमांक चारमुळे त्याचा नाइलाज आहे, हे तो उन्नतीला समजावून सांगत होता, तेव्हा खरंच त्याचा चेहरा पडला होता. मांजर्लीला माळ्यावरची गादी उन्हात टाकून झाली आहे. जिज्ञासाचे कपडे पिशवीत भरलेत आणि पिशवी दाराशी ठेवली आहे.

आजच्या तारखेला त्या चार दिवसांसाठी तीन खोल्यांपैकी तीन रिकाम्या आहेत. आठवड्याचे मधले दिवस, रस्त्याला गर्दी नाही, अकराही तलाव शांत, आणि आई तीच, तेल तेच, भाकरी गरम. तुमच्यासारख्या गर्दीला कंटाळलेल्या, समजूतदार माणसाच्या हे वाचतानाच लक्षात आलं असेल. दोन-तीन दिवसांची रजा तुम्हाला मिळेलच; तुमच्याकडे ती मिळते. येताना फक्त मऊ भात की भाकरी, तेवढं आधी कळवा. वहिनी आहे घरी.